रायबोफ्लेविन पुरतं की नाही? आधी विचारा, कोणत्या पट्टीने

गेल्या काही महिन्यांत जे सिनॉप्सिस वाचायला आले, त्यातल्या तीन-चारांचा साचा एकच होता. अमुक तालुक्यातल्या महिला, चोवीस तासांत काय खाल्लं याची विचारपूस, खाद्यघटकांचे तक्ते, आणि शेवटी प्रत्येक पोषकद्रव्य ‘आरडीएच्या किती टक्के’ हे दाखवणारा बार चार्ट. त्या चार्टमध्ये रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब२ जीवनसत्त्वाचा, दांडा हमखास बुटका. खाली ठरलेलं वाक्य: ‘महिलांच्या आहारात रायबोफ्लेविनची तीव्र कमतरता आढळली.’

मला या वाक्याशी भांडायचंय. ते खोटं आहे असं माझं म्हणणं नाही, खरं असण्याची शक्यता बरीच आहे. पण ज्या रस्त्याने ते वाक्य आलंय तो रस्ता तिथे पोचतच नाही. तुम्ही आत्ता पेटच्या किंवा नेटच्या तयारीत असाल, विषय शोधत असाल, तर असा एखादा पेपर उघडून तसाच आपल्या गावात करून टाकू असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटलं होतं. म्हणून आधी कागद-पेन्सिल घेऊन बसू.

एक ताट मांडूया. बैठं काम करणारी प्रौढ बाई, घर मध्यमवर्गीय, शाकाहारी. दिवसभरात ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम, तांदूळ ७५ ग्रॅम, तूरडाळ ४० ग्रॅम, उसळीसाठी मूग ३० ग्रॅम, पालक १०० ग्रॅम, वांग्यासारखी एखादी फळभाजी १०० ग्रॅम, शेंगदाण्याचं कूट २० ग्रॅम, चहातलं आणि रात्रीचं मिळून दूध २०० मिली, आणि वाटीभर दही, १०० ग्रॅम. तेल-साखर धरून हे साधारण १६५० किलोकॅलरींचं ताट होतं.

आता रायबोफ्लेविन. ज्वारीत १०० ग्रॅमला ०.१४ मि.ग्रॅ., म्हणजे इथे ०.२१. सडलेल्या तांदळात जेमतेम ०.०५, म्हणजे ०.०४. डाळीतून ०.०८, मुगातून ०.०७, पालकातून ०.१९, फळभाजीतून ०.०५, शेंगदाण्यातून ०.०३. दुधातून ०.३४ आणि दह्यातून ०.१४. बेरीज १.१५ मि.ग्रॅ.

(धान्यांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतले आहेत, दूध-पालक वगैरेंचे अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांतले. असे दोन देशांचे तक्ते मिसळणं प्रबंधात करू नका. इथे मला फक्त अंदाज हवाय.)

तर १.१५. हे पुरेसं आहे का?

आयसीएमआरच्या २०१० च्या शिफारशीनुसार बैठ्या कामाच्या स्त्रीला रोज १.१ मि.ग्रॅ. लागतं. म्हणजे आपली बाई पास, काठावर का होईना. २०२० च्या शिफारशीनुसार तिलाच १.९ मि.ग्रॅ. लागतं. म्हणजे ती आरडीएच्या ६० टक्क्यांवर आली, बार चार्टमध्ये बुटकी झाली, आणि तुमच्या निष्कर्षात ‘तीव्र कमतरता’ लागली. अमेरिकेत प्रौढ स्त्रीसाठी आकडा १.१ आहे, तिथे ती पुन्हा पास. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये १.६ ठरवला, तिथे नापास. ताट तेच, बाई तीच.

दोन भारतीय आकड्यांमध्ये आणखी एक गंमत आहे, ती सहसा कुणी लिहीत नाही. २०१० चे आकडे ऊर्जेशी बांधलेले दिसतात. बैठ्या कामाच्या पुरुषाला २३२० किलोकॅलरी आणि १.४ मि.ग्रॅ., स्त्रीला १९०० आणि १.१. भागाकार करून बघा, दोन्हीकडे हजार किलोकॅलरीला ०.६ च्या आसपास येतं. २०२० मध्ये स्त्रीची ऊर्जेची गरज १६६० वर उतरली आणि रायबोफ्लेविन १.९ वर चढलं. म्हणजे हजार किलोकॅलरीला जवळपास १.१५. दहा वर्षांत आहाराची घनता जवळजवळ दुप्पट हवी झाली.

याचा स्वयंपाकघरातला अर्थ काय? वरच्या ताटाला १.९ पर्यंत न्यायला अजून ०.७५ मि.ग्रॅ. लागेल. ते दुधातून आणायचं तर आणखी साडेचारशे मिलीच्या आसपास दूध. अंडी खात असेल तर मोठी तीन-सव्वातीन अंडी. बदाम म्हणाल तर ६५ ग्रॅम, रोज. आणि ऊर्जेचं अंदाजपत्रक आधीच संपलेलं आहे, त्यामुळे हे वाढवताना भाकरी किंवा भात काढावा लागेल. कोंबडीची कलेजी ५० ग्रॅम खाल्ली तर काम एका फटक्यात होतं, पण ते ‘रोजचं अन्न’ म्हणायचं का, तुम्हीच ठरवा. म्हणून ‘दूध, अंडी, हिरव्या पालेभाज्या खा म्हणजे रायबोफ्लेविन पुरतं’ हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य कोणत्या आकड्याबद्दल आहे, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आकडा येतो कुठून

इथे जरा थांबावं लागेल, कारण संशोधन म्हणून खरी मजा इथेच आहे. आरडीएचा तक्ता आपण पंचांगासारखा वापरतो. पण त्यामागे कुणीतरी कुणाला तरी काहीतरी खाऊ घालून काहीतरी मोजलेलं असतं. काय मोजलं, यावर आकडा ठरतो.

बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, हे तुम्ही पाहिलं असेल. तो रंग रायबोफ्लेविनचा. नावातला ‘फ्लेविन’ लॅटिनमधल्या पिवळ्या रंगावरूनच आलाय. दह्यावर सुटणारं पिवळसर-हिरवट पाणी, पनीर करताना उरणारी निवळी, यांचाही रंग त्याचाच. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ ब्लाइथ यांनी १८७९ मध्ये दुधाच्या निवळीतूनच हे पिवळं द्रव्य वेगळं काढलं होतं. ते जीवनसत्त्व आहे हे कळायला पुढे पन्नासेक वर्षं गेली.

तर शरीर हे जीवनसत्त्व फारसं साठवत नाही. ऊतींची भूक भागली की वरचं लघवीतून निघून जातं. त्यामुळे एक साधी कल्पना सुचते: माणसांना कमी-जास्त रायबोफ्लेविन द्या, लघवीत किती उतरतं ते मोजा. सुरुवातीला अगदी थोडं उतरेल. एका ठिकाणी आलेख अचानक वर वळेल. ते वळण म्हणजे ‘भांडं भरलं’.

हे काम केलं हॉर्विट आणि सहकाऱ्यांनी, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एल्गिन सरकारी मनोरुग्णालयात. पेपर १९५० चा. रुग्णालयातल्या पुरुष रुग्णांना दीर्घकाळ मोजून-मापून आहार दिला, काहींना दिवसाला ०.५५ मि.ग्रॅ. इतका कमी. त्या कमी गटात तोंडाच्या आणि त्वचेच्या तक्रारी दिसल्या. आणि लघवीतलं प्रमाण साधारण १.१ मि.ग्रॅ. च्या पुढे झपाट्याने वाढू लागलं. अमेरिकेचे १९९८ चे आकडे ठरवताना आणि पुढे युरोपचे ठरवतानाही हा पेपर पुराव्यात होता. त्याच्या जोडीला इतरही अभ्यास आहेत, त्यातला एक ग्वाटेमालातल्या वृद्धांचा, १९९३ चा. तिथेही वळण जवळपास त्याच जागी आलं.

या पेपरबद्दल दोन गोष्टी. पहिली नैतिकतेची. स्वतःची संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसांना मुद्दाम कमतरतेच्या आहारावर ठेवणं आजच्या कुठल्याही नैतिकता समितीपुढे टिकलं नसतं. आपण तक्त्यातून जो आकडा सहज उचलतो, त्यात या लोकांचे फाटलेले ओठ आहेत. संशोधनपद्धतीच्या पुस्तकातलं नैतिकतेचं प्रकरण वाचताना हे उदाहरण जवळ ठेवा. नेहमीच्या दोन-तीन उदाहरणांपेक्षा हे आपल्या विषयाच्या जास्त जवळचं आहे.

दुसरी गोष्ट शास्त्राची. ‘लघवीत उतरायला लागलं’ म्हणजे ‘पेशींचं काम पूर्ण क्षमतेने चालू झालं’ असं गृहीत धरलंय. ते खरं असेलच असं नाही. आणि दुसरा निकष लावला की आकडा कसा हलतो ते बघा.

रायबोफ्लेविन शरीरात एफएमएन आणि एफएडी या दोन रूपांत काम करतं. तांबड्या पेशींत ग्लुटाथायोन रिडक्टेज नावाचं विकर आहे, त्याला एफएडी लागतं. चाचणी अशी: रक्त घ्या, या विकराची गती मोजा, मग परीक्षानळीत वरून एफएडी घाला आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या मापाला पहिल्याने भागा. विकर आधीच तृप्त असेल तर गती वाढणार नाही, भागाकार १ येईल. उपाशी असेल तर वाढेल. १.४ आला म्हणजे वरून दिल्यावर गती चाळीस टक्क्यांनी वाढली. याला ईजीआरएसी म्हणतात. आपल्याकडे हैदराबादच्या पोषण संस्थेत महताब बामजी यांनी या विकरावर १९६९ मध्येच काम प्रसिद्ध केलं होतं, म्हणजे पद्धत जगात नवी असतानाच. हे नाव तुमच्या संदर्भसूचीत नसेल तर तुमचा ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ अपुरा आहे, असं मी खुशाल म्हणेन.

आता कॉर्नेल विद्यापीठातल्या बेल्को आणि सहकाऱ्यांचा १९८३ चा अभ्यास घ्या. तरुण स्त्रिया, आधी व्यायामाविना, मग व्यायामासह. प्रश्न असा की ईजीआरएसी १.२५ च्या आत आणायला किती रायबोफ्लेविन लागतं? उत्तर: व्यायाम नसताना हजार किलोकॅलरीला ०.९६ मि.ग्रॅ., व्यायाम असताना १.१६. आपण वर काढलेला ०.६ आठवतोय? लघवीतलं वळण बघितलं तर आकडा खाली, विकराची तृप्ती बघितली तर बराच वर. दोन्ही शास्त्रीय. ‘गरज’ या शब्दाचे ते दोन वेगळे अर्थ आहेत.

त्यामुळे तुमच्या प्रबंधात ‘आरडीए (आयसीएमआर, २०२०)’ एवढं कंसात टाकून भागत नाही. निदान एक परिच्छेद हवा: ही पट्टी कशाची आहे, आधीची पट्टी कोणती होती, आणि त्या पट्टीने माझ्या निष्कर्षाचं काय झालं असतं. व्हायव्हात बाहेरचे परीक्षक हा प्रश्न विचारतील की नाही माहीत नाही. पण २००९ सालच्या आणि २०२२ सालच्या दोन पेपरांची तुलना करून ‘रायबोफ्लेविनची स्थिती खालावली’ असं लिहाल, तर तुम्ही आहार मोजलेलाच नसेल, फक्त पट्टी बदललेली मोजली असेल.

आरडीए हा उत्तीर्णतेचा आकडा नाही

ही चूक इतकी सर्रास होते की आता कुणाला चूक वाटत नाही. आरडीए मुद्दाम वर ठेवलेला असतो, जेणेकरून जवळजवळ सगळ्या निरोगी माणसांची गरज त्यात बसावी. सरासरी गरज, म्हणजे ईएआर, त्याच्या खाली असते. २०२० च्या भारतीय तक्त्यात स्त्रीसाठी ती १.६ आहे. गटात किती जणींना कमी पडतंय याचा अंदाज काढायचा तर नेहमीच्या सेवनाच्या वितरणात ईएआरच्या खाली किती टक्के येतात ते बघायचं. आरडीएच्या खाली किती, ते नाही. गटाची सरासरी आरडीएच्या किती टक्के हे तर अजिबातच नाही, कारण सरासरी सांगते त्यात निम्म्या बायकांची कथा लपलेली असते.

आणि ‘नेहमीच्या’ हा शब्द महत्त्वाचा. एका दिवसाचं आहार-स्मरण म्हणजे त्या बाईचा सोमवार. सोमवारी पालक होता, मंगळवारी बटाटा. रायबोफ्लेविन थोड्याच पदार्थांत एकवटलेलं असल्यामुळे दिवसागणिक ते बरंच वर-खाली होतं, आणि एकाच दिवसावरून काढलेलं वितरण खऱ्यापेक्षा जास्त पसरट दिसतं. दोन्ही टोकांना खोटी गर्दी होते. निदान काही जणींकडे दुसऱ्या, लगतच्या नसलेल्या दिवसाची विचारपूस करा, म्हणजे आतला फरक वेगळा काढता येतो. वेळ नाही, गाइड घाई करतात, सगळं मान्य. मग निष्कर्षाची भाषा तरी त्या मानाने खाली आणा.

तक्त्यांकडे येऊ. माझी स्वतःची फजिती सांगते. पहिल्यांदा डेटा भरला तेव्हा शिजलेल्या भाताचं वजन मी कच्च्या तांदळाच्या ओळीत टाकत होते. भात शिजून अडीच-तीन पट होतो, त्यामुळे रायबोफ्लेविनही कागदावर अडीच-तीन पट झालं. तांदळात मुळात इतकं कमी असतं की बेरजेत फारसा फरक दिसला नाही आणि चूक आठवडाभर लपून राहिली. ज्वारीच्या भाकरीत तीच चूक केली असती तर ओलाव्यामुळे एकूण आकडाच फुगला असता. वजन कच्चं की शिजलेलं, हा रकाना वहीत पहिल्या दिवसापासून ठेवा.

शिजवताना किती जातं याबद्दलही समजुतींचा गोंधळ आहे. रायबोफ्लेविन उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाही, त्यामुळे दूध उकळल्याने मोठं नुकसान होत नाही. त्याचे शत्रू वेगळे. एक प्रकाश: पारदर्शक बाटलीतलं दूध कडक उन्हात दोन तास राहिलं तर निम्म्याहून अधिक जाऊ शकतं. दुसरा अल्कली: छोले-राजमा लवकर शिजावेत म्हणून चिमूटभर सोडा घालतात तो. आणि तिसरं म्हणजे ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे भाजी उकळून पाणी ओतून दिलं, भाताचं पाणी काढून टाकलं, तर त्यासोबत जातं. कोकणात पेज पितात तिथे ते घरातच राहतं. पण हे सगळं तुमच्या प्रश्नावलीत आहे का? ‘आपण भाजी कशी शिजवता’ या प्रश्नाला ‘झाकण ठेवून / न ठेवता’ एवढेच पर्याय मी पाहिलेत. रायबोफ्लेविनच्या दृष्टीने त्यापेक्षा पाणी ओतता का, सोडा घालता का, हे विचारलेलं बरं.

याला जोडूनच आंबवलेल्या पदार्थांचे पेपर. इडलीचं पीठ, आंबील, ढोकळा. ‘आंबवल्याने रायबोफ्लेविन अमुक टक्क्यांनी वाढलं’. काही लॅक्टिक जीवाणू रायबोफ्लेविन तयार करतात, काही ते खातात, त्यामुळे कोणता जीवाणू यावर सगळं अवलंबून. पण समजा वाढलं, दुप्पट झालं. ०.०५ चं ०.१० झालं. मथळ्यात ‘शंभर टक्के वाढ’, ताटात ०.०५ मि.ग्रॅ., म्हणजे दुधाचे दोन मोठे चमचे. टक्केवारी वाचली की लगेच मूळ आकडा शोधायचा, ही सवय आत्ताच लावून घ्या. आणि वाढ कोरड्या वजनावर मोजली की ओल्या, तेही.

मग रक्त तपासलं की प्रश्न मिटला?

नाही मिटत. ईजीआरएसीची रेघ कुठे मारायची यावर एकमत नाही. काही जण १.२ च्या वर गेलं की अपुरं म्हणतात, काही १.३, काही १.४. लोकांचे निकाल या पट्ट्यातच दाटीने पडतात, त्यामुळे रेघ ०.१ ने सरकवली तरी ‘कमतरता’ असलेल्यांची टक्केवारी धाडकन बदलते. पेपर वाचताना सारांशातली टक्केवारी वाचण्याआधी पद्धती विभागात जाऊन रेघ कुठे आहे ते बघा. दोन राज्यांची तुलना करणारे तक्ते तर याशिवाय वाचूच नका.

शिवाय आपल्याकडे एक खास अडचण. ज्यांच्यात जी६पीडी या विकराची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशींतलं ग्लुटाथायोन रिडक्टेज एफएडीला घट्ट धरून ठेवतं. परिणामी आहारात कमी असूनही ईजीआरएसी ‘छान’ दिसतो. विदर्भातल्या काही आदिवासी समूहांत ही कमतरता नोंदलेली आहे. तिथे जाऊन फक्त ही चाचणी केली तर सगळ्यात गरजू माणसं तुमच्या तक्त्यात निरोगी म्हणून बसतील.

आणि लक्षणं? नेटच्या ‘जोड्या लावा’मध्ये ओठांच्या कोपऱ्यांना चिरा म्हणजे रायबोफ्लेविन, हे आपण डोळे मिटून लावतो. परीक्षेत लावा. पण फील्डवर त्याच चिरा लोहाच्या कमतरतेने पडतात, ब६ च्या कमतरतेने पडतात, बुरशीच्या संसर्गाने पडतात. हैदराबादच्याच कामात दिसलं होतं की काही जणांच्या चिरा रायबोफ्लेविनने भरत नाहीत, ब६ द्यावं लागतं. शिवाय श्वसनमार्गाच्या संसर्गात लघवीतून रायबोफ्लेविन जास्त जातं, हेही तिथलंच निरीक्षण. म्हणजे एखाद्या मुलाचं ताट तेच राहून फक्त महिनाभर सर्दी-खोकला झाला, तरी त्याची स्थिती बदलते. ‘कमतरता = कमी खाल्लं’ हे समीकरण इथेच मोडतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे सगळा आकड्यांचा खेळ, रायबोफ्लेविनची कमतरता वगैरे काही नाही. हा दुसरा आळस झाला. शेफिल्डमधल्या पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी बघा. ब्रिटनमधल्या तरुण मुली, वरवर ठणठणीत, फक्त ईजीआरएसी १.४ च्या वर. त्यांना आठ आठवडे रोज २ किंवा ४ मि.ग्रॅ. रायबोफ्लेविन दिलं, काहींना बिनऔषधी गोळी. रायबोफ्लेविन मिळालेल्यांमध्ये रक्ताची मापं, हिमोग्लोबिनसुद्धा, सुधारली. म्हणजे जिला आपण ‘फक्त जैवरासायनिक’ कमतरता म्हणून सोडून देतो, तिचा रक्ताशी संबंध आहे. जिथे निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे आणि त्यावर उत्तर म्हणून लोह आणि फोलिक अॅसिडच्या गोळ्याच दिल्या जातात, तिथे हा प्रश्न किरकोळ नाही. आपल्या नियमांत पीठ आणि तांदूळ पोषणसमृद्ध करताना लोह, फोलिक अॅसिड, ब१२ हे ठरलेले घटक आहेत, रायबोफ्लेविन ऐच्छिक यादीत आहे. ते तिथेच राहावं की वर यावं, हे ठरवायला चांगले अभ्यास लागतील. ‘आरडीएच्या ६० टक्के’ छापाचे बार चार्ट त्याला उपयोगाचे नाहीत.

माझं मत विचाराल तर मला विकरावर आधारलेला वरचा आकडा जास्त पटतो, पण त्याला रोजच्या शाकाहारी ताटातून गाठणं अवघड आहे हे सरळ लिहिलं पाहिजे. आणि खरी विभागणी १.१ की १.९ या वादात नाही, ती वेगळीकडेच दिसते. पुन्हा त्या ताटाकडे या. त्यातलं दूध आणि दही काढा. १.१५ मधून ०.४८ गेले, उरले ०.६७. शिजवण्यातली घट धरली तर सहाच्या खाली, म्हणजे ०.६ सुद्धा नाही. एल्गिनमध्ये ज्या गटाचे ओठ फाटले त्याच्या अगदी जवळ. हा आकडा २०१० च्या पट्टीने कमी, २०२० च्या पट्टीने कमी, अमेरिकेच्या, युरोपच्या, सगळ्या पट्ट्यांनी कमी. चहा कोरा पिणारी, दूध विकून टाकणारी किंवा विकत घेऊच न शकणारी बाई कुठल्याही निकषाने नापास आहे, आणि सरासरीच्या बार चार्टमध्ये ती दूध पिणाऱ्या बाईबरोबर मिसळून जाते.

म्हणून सिनॉप्सिस पाठवणाऱ्यांपैकी एकीला मी एवढंच सुचवलं: विषय तोच ठेव, पण नमुना दूधवाल्या आणि बिनदुधाच्या घरांत विभाग. दुधाच्या डेअरीला दूध घालणारी घरं वेगळी मोज, कारण तिथे गोठ्यात म्हैस असते आणि कपात दूध असेलच असं नाही. दोन दिवसांची विचारपूस, ईएआरची रेघ, जुन्या-नव्या दोन्ही पट्ट्यांनी निकाल. रक्त तपासायला पैसे नाहीत, तर नाहीत. मग ‘कमतरता’ हा शब्द शीर्षकात नको, ‘सेवन’ म्हण. तिने शीर्षक बदललंय. गाइडना ते जरा मवाळ वाटलं म्हणे.